सेनापतीची खिल्ली भिंतीवर लावायचीय: गिलरे घ्यावा की दोमिए?

युद्धकाळातली, सेनापतींची टर उडवणारी जुनी व्यंगचित्रं विकत घेऊन घरात लावायची हौस असलेले आपल्या सांगली-साताऱ्याकडं किती असतील देव जाणे, पण ज्यांना आहे ते फिरून फिरून याच दोन नावांपाशी येतात. लंडनचा जेम्स गिलरे आणि पॅरिसचा ओनोरे दोमिए. माझ्याकडं दोन्ही आहेत. त्यामुळं कुणी विचारलं की "पहिलं कुठलं घेऊ?" तर माझं उत्तर जरा लांबतं, ते इथंच लिहून टाकतो.

गिलरे अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावरचा, दोमिए त्याच्या पुढच्या पिढीतला, बाकी ते सोडतो. घेताना कामाचं एवढंच की गिलरेचं काम तांब्याच्या प्लेटवरचं एचिंग, म्हणजे आम्लानं रेघा कोरून छापलेलं, आणि दोमिएचं शिळाछाप, म्हणजे दगडावर खडूनं काढून छापलेलं. गिलरेच्या हयातीतल्या, हातानं रंगवलेल्या प्रती आपल्या आवाक्यातल्या नाहीत, निदान माझ्या तरी नाहीत. पण त्याच्या मूळ प्लेटा पुढं हेन्री बोन नावाच्या प्रकाशकाकडं गेल्या आणि त्यानं १८५१ च्या सुमाराला त्यावरून नव्यानं छपाई केली, ती मिळते. प्लेट खरी, छपाई गिलरे गेल्यानंतरची, रंग नाहीत. कागदावर प्लेट दाबल्याची खूण बोटाला लागते. कुणी रंगीत बोन विकत असेल तर तो रंग बहुतेक नंतर कुणीतरी भरलाय असं समजून चाला आणि रंगाचे जादा पैसे देऊ नका.

दोमिएचं तसं नाही. तो 'शारिवारी' नावाच्या पॅरिसच्या रोजच्या पेपरात छापून यायचा, म्हणजे तुम्हाला मिळतं ते त्या दिवशीच्या पेपराचं खरंखुरं पान. ज्या दिवशी लोकांनी हसत हसत हातात धरलं तेच पान आपल्या हातात, ही गंमत बोनच्या प्रतीत नाही हे मान्यच केलं पाहिजे. शिवाय दोमिएनं चारेक हजार शिळाछाप चित्रं केली, त्यामुळं माल भरपूर आणि भाव सोसवण्यासारखा. रेघेबद्दल तर बोलायलाच नको, लठ्ठ अधिकाऱ्याची ढेरी असली की नुसत्या काळ्या खडूच्या दाबानं ती पुढं येते. चित्रकार म्हणून दोघांत कोण मोठा असं विचारलं तर मी गप्प बसेन, किंवा फारच मागं लागलात तर दोमिए म्हणेन.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निकाल लागला ती. पेपराचं पान म्हटल्यावर मागच्या बाजूला मजकूर आलाच. बातम्या, नाटकांच्या जाहिराती, काय काय. हातात धरून बघताना काही जाणवत नाही, पण फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि सकाळचं ऊन समोरच्या खिडकीतून आलं की ती मागची अक्षरं उलटी होऊन पुढं उमटायला लागतात. आणि उमटतात कुठं, तर जिथं चित्रकारानं मुद्दाम जागा मोकळी सोडलीय तिथं. माझ्याकडचं पान १८५४ चं आहे, फ्रान्स रशियाशी लढत होता त्या क्रिमियाच्या युद्धातलं, रशियन अधिकाऱ्याची टिंगल केलेलं. त्या अधिकाऱ्याच्या कपाळावर मला रोज फ्रेंच जाहिरातीची ओळ दिसते. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही हो. पाहुणे म्हणतात कुठाय, आम्हाला नाही दिसत. दिसणार कशी, त्यांना रोज त्याच्यासमोर बसून चहा थोडाच प्यायचा असतो.

फ्रेमवाल्यानं सुचवलं की मागं काळा कागद घालू, अक्षरं दबतील. दबली, खरंच दबली. पण सगळं पानच काळवंडल्यासारखं झालं, पांढरं होतं ते राखाडी झालं आणि शिळाछापाची सगळी मजा त्या पांढऱ्यातच असते, त्यामुळं काळा कागद काढून टाकला आणि अक्षरं परत आली. पावसाळ्यात हवा दमट झाली की ती जास्तच ठळक वाटतात, हा माझ्या मनाचा खेळही असू शकेल. यावर उपाय म्हणजे ज्यांच्या मागं मजकूरच नाही अशा, चांगल्या कागदावर वेगळ्या छापलेल्या प्रती. त्या असतात, पण मग भाव वर जातो आणि दोमिए स्वस्त पडतो हा मुद्दाच निकालात निघतो.

आता तुम्ही म्हणाल बोनच्या प्रती तरी कुठं एका बाजूला छापल्यात. बरोबर आहे. बोननं कागद वाचवायला दोन्ही बाजूंना छापलंय, म्हणजे एक चित्र लावलं की दुसरं कायमचं भिंतीकडं तोंड करून बसणार. याची हळहळ वाटतेच. पण कागद जाड आहे आणि माझ्याकडच्या प्रतीत तरी उजेडाला धरल्याशिवाय मागचं काही कळत नाही. माझ्याकडं १८०३ मधला नेपोलियन आहे, इंग्लंड-फ्रान्समधला आमियँचा तह मोडून परत लढाई जुंपली तेव्हाचा. छोटुकला 'बोनी' (बोनापार्टचं इंग्रजांनी केलेलं टोपणनाव, प्रकाशक बोनशी संबंध नाही) रागानं थयथयाट करतोय, खुर्ची-टेबलं उलथीपालथी, आणि डोक्याभोवती त्याच्या शिव्याशापांचा नुसता पाऊस. प्रत्यक्षात नेपोलियन काही बुटका नव्हता, त्या काळच्या फ्रेंच माणसाइतकाच होता, पण जगाच्या डोक्यात जो बुटका बसलाय त्यात गिलरेचा हात मोठा आहे. सैन्याला जे जमलं नाही ते एका चित्रकारानं केलं म्हणायचं. त्यातलं बारीक अक्षर वाचायला भिंग लागतं, ही एक कटकट आहेच, पण वाचायला काहीतरी आहे म्हणून भिंग लागतंय.

आणि एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, तुम्हाला वाटेलच असं नाही. शत्रूच्या सेनापतीला हसणं सोपं असतं, सरकारही पाठ थोपटतं. दोमिएनं तरुणपणी राजाचं चित्र काढून १८३२ मध्ये तुरुंग भोगला, म्हणजे माणूस भित्रा अजिबात नव्हता, पण क्रिमियाच्या वेळी तिसऱ्या नेपोलियनच्या (पहिल्याच्या पुतण्याच्या) राज्यात पेपरांवर इतका दाब होता की स्वतःच्या सेनापतींवर काढायची सोयच नव्हती, मग राहिला रशियाचा झार आणि त्याचे कोसॅक घोडेस्वार. गिलरेही पुढं १७९७ पासून सरकारकडून वर्षाला २०० पौंड खात होता आणि मग नेपोलियनवरच जास्त तुटून पडला, तेव्हा त्यालाही संत करायला नको. पण त्याच्या आधीचा गिलरे बघा. १७९१ च्या डिसेंबरमध्ये त्यानं श्रीरंगपट्टणहून माघार घेणाऱ्या कॉर्नवॉलिसचं चित्र काढलं, युद्ध चालू असताना, स्वतःच्याच देशाच्या सेनापतीचं. कॉर्नवॉलिस घाबरून पळतोय आणि टिपू वर किल्ल्यावरून खाली धार सोडतोय. धार म्हणजे कसली ते चित्रच बघा.

या चित्राशी आपल्या भागाचा संबंध आहे म्हणून जास्तच जवळचं वाटतं. ती माघार मे महिन्यातली. पाऊस लागलेला, बैलं मेलेली, धान्य संपलेलं, अवजड तोफा ओढायला जनावर नाही म्हणून स्वतःच्याच हातानं निकामी केलेल्या, आणि अशा अवस्थेत त्याला वाटेत भेटले ते, टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूनं आलेले पेशव्यांचे सरदार, हरिपंत फडके आणि आपल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला होता म्हणून इंग्रज फौजेच्या पोटात काही गेलं, अर्थात भाव सणसणीत लावूनच. लंडनला हे चित्र निघालं त्यात भाऊ कुठं नाहीत, आणि बातमी जहाजानं पोचेपर्यंत एवढे महिने गेले की चित्र ताजं असतानाच, १७९२ च्या फेब्रुवारीत, कॉर्नवॉलिस परत श्रीरंगपट्टणवर जाऊन बसला आणि मार्चमध्ये टिपूनं अर्धं राज्य देऊन तह केला. म्हणजे टर उडवली तीही चुकीच्या मुहूर्तावर. तरी मला हे चित्र सोडवत नाही. माझ्याकडचं मात्र छापील जुनं नाही, संग्रहालयाच्या साइटवरून मोठी फाइल उतरवून डिजिटल प्रिंटवाल्याकडून काढून घेतलंय. पैसे अडवायचे नसतील तर हा तिसरा रस्ता वाईट नाही, फक्त बोटाला काही लागत नाही.

काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, आणि बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर तर लावूच नका. तळमजल्यावर राहत असाल तर कुठं लावायचं हे कृष्णाकाठच्या माणसाला मी काय सांगणार.

तर फ्रेंच येत असेल, किंवा फ्रेम न करता फोल्डरमध्ये ठेवून मधूनमधून काढून बघणार असाल, तर बिनधास्त दोमिए घ्या, पैशाचं चीज होईल. भिंतीवरच लावायचं असेल तर मी आपला बोनचा गिलरे म्हणेन. आणि दोन्हीतलं काहीही घेताना विकणाऱ्याकडून आधी मागच्या बाजूचा फोटो मागवा, दुसरा एक खिडकीच्या उजेडाला धरून काढलेला. नुसता पुढचाच फोटो परत परत पाठवत असेल तर तो सौदा राहू द्या.