नवा ऑपरेटर: कोर्सला पाठवावा की मशीनवरच तयार करावा?

पंधरा-वीस कामगारांच्या सीएनसी टर्निंगच्या (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथच्या) शॉपमध्ये नवा मुलगा आला, की त्याला आधी आयटीआय किंवा टूलरूमच्या अल्पमुदतीच्या कोर्सला पाठवावे की थेट जुन्या सेटरच्या (मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराच्या) हाताखाली उभे करावे, हा प्रश्न मालकापुढे येतो. बहुतेक जण दुसरी वाट धरतात, कारण ती फुकट वाटते. प्रत्यक्षात तिचा खर्च रिजेक्शनच्या पेटीत आणि सेटरच्या वाया गेलेल्या तासांत जमा होत असतो. त्याची पावती मिळत नाही, एवढेच.

मशीनशेजारी जे शिकायला मिळते ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही, हेही तितकेच खरे. इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलता येणारी धार) बोथट होऊ लागले की कटिंगचा आवाज बदलतो, सकाळी थंड मशीनवर काढलेल्या पहिल्या जॉबचे (घडवायच्या भागाचे) माप मशीन तापल्यावर सरकते, ही समज त्याच मशीनवर, रोज उभे राहूनच येते. इथे चूक झाली तर ती लगेच दिसते, म्हणून शिकणेही लवकर होते.

अडचण येते ती न दिसणाऱ्या चुकांची. मायक्रोमीटरचा झिरो न तपासता माप घेणारा सेटर तीच सवय शिकाऊ मुलालाही लावतो, आणि ती उघडी पडते ग्राहकाकडून माल परत आल्यावर. मशीनच्या अनेक जुन्या कंट्रोलवर दशांशचिन्हाशिवाय ४० टाकले, की त्याचा अर्थ ४० मायक्रॉन (०.०४ मिलिमीटर) होतो. पण वेगळ्या सेटिंगच्या मशीनवर तोच आकडा ४० मिलिमीटर धरला जातो आणि मर्यादा घातलेली नसेल, तर टूल थेट जॉबवर किंवा जॉब पकडणाऱ्या चकवर आदळू शकते. पाहून शिकलेल्या मुलाला आकडा पाठ असतो, त्यामागचे एकक ठाऊक नसते. म्हणून ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), मापन, ऑफसेट (टूलच्या मापाची मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) आणि सुरक्षितता एवढा भाग रीतसर शिकवलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाच्या बाजूने पाहिले, तर कोर्सचा मोठा फायदा कागदाचा आहे. हाताखाली पाच वर्षे काढलेल्या कारागिराजवळ दुसरीकडे दाखवायला काही नसते, आणि मालकाला मात्र कोर्स झालेला मुलगा सोडून जाण्याची धास्ती असते. (ती धास्ती अगदीच निराधार नाही.)

कोर्स आणि मशीनवरचे शिकणे या दोन्हींचा मेळ १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. चार किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेता येतात, तीस किंवा अधिक असतील तर घेणे बंधनकारक आहे. आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. योजनेच्या पोर्टलवरील नोंदणीचा व्याप आहे खरा, पण तो एकदाचा.

शॉपमध्येच शिकवायचे ठरवलेत, तर आधी सेटरचा पगार कसा ठरतो ते पाहा. तो नगावर किंवा इन्सेंटिव्हवर असेल, तर शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. तेव्हा मुलगा हाताखाली असेपर्यंत सेटरचे टार्गेट कमी करा किंवा वेगळा भत्ता द्या.