'अथॉरिटी' युक्रेनियनमध्ये नेताना: व्लादा, पोव्नोवाझेन्न्या की ओर्हान?

इंग्रजी कायद्याच्या मजकुरातल्या 'अथॉरिटी'साठी युक्रेनियनमध्ये मुख्यतः तीन शब्द समोर येतात: व्लादा, पोव्नोवाझेन्न्या आणि ओर्हान. मराठीत साधारण सत्ता, अधिकार आणि प्राधिकरण. आपल्या 'अधिकारा'त मात्र हक्कही येतो. युक्रेनियनमध्ये हक्कासाठी प्रावो हा वेगळा शब्द आहे.

व्लादा आणि पोव्नोवाझेन्न्या यांतला फरक १९९६च्या युक्रेनियन संविधानातच दिसतो. कलम ६ प्रमाणे राज्याची व्लादा कायदेमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका यांत विभागलेली आहे, आणि या शाखांच्या संस्था आपापली पोव्नोवाझेन्न्या ठरलेल्या मर्यादेत वापरतात. म्हणून संचालकाला करारावर सही करण्याची 'अथॉरिटी' असेल, तर पोव्नोवाझेन्न्याच लिहावे. तिथे व्लादा लिहिणे सरळ चूक आहे. मुखत्यारपत्राला यांपैकी काहीच चालत नाही. त्याला दोविरेनिस्त म्हणतात.

खरी जोखीम ओर्हानमध्ये आहे, कारण तो शब्द एकटा पुरत नाही, कोणाचा ओर्हान ते सांगावे लागते. संविधानाचे कलम १९ राज्यसत्तेचे ओर्हान आणि स्थानिक स्वराज्याचे ओर्हान वेगवेगळे नोंदवते. इंग्लंडमधल्या कौन्सिलसारखी निवडून आलेली 'लोकल अथॉरिटी' दुसऱ्या गटात बसते. तिला राज्यसत्तेचा ओर्हान म्हटले, तर नगरपरिषद सरकारी खाते होऊन बसते. मूळ मजकूर युक्रेनबद्दलचाच असेल तर आणखी जपावे: प्रांत आणि जिल्हा पातळीवर स्थानिक राज्य प्रशासनेही असतात, आणि ती कार्यपालिकेचा भाग आहेत. इंग्रजी लेखक दोघांनाही 'लोकल अथॉरिटी' म्हणून मोकळा होतो. अनुवादकाने आधी संस्था ओळखावी, मग शब्द निवडावा.

'कॉम्पिटंट अथॉरिटी'ला, म्हणजे सक्षम प्राधिकरणाला, कोम्पेतेन्त्नी ओर्हान हा रुळलेला शब्द आहे, तिथे वेळ घालवू नये.

'अपॅरंट अथॉरिटी' मात्र शब्दशः उतरवून भागणार नाही. इंग्रजी कायद्यात मालकाच्या, म्हणजे प्रतिनिधी ज्याच्या वतीने काम करतो त्याच्या, वागण्यावरून समोरच्याने प्रतिनिधीला अधिकार असल्याचे रास्तपणे मानले, तर मालक बांधला जाऊ शकतो. युक्रेनच्या नागरी संहितेचे कलम २४१ दुसऱ्या टोकाने जाते: प्रतिनिधीने पोव्नोवाझेन्न्या ओलांडून केलेला व्यवहार मालकाने नंतर मान्य केला तरच त्याला लागू होतो. इथे मी वर्णनात्मक अनुवाद करेन आणि पहिल्या उल्लेखापाशीच ही संकल्पना इंग्रजी कायद्यातली असल्याचे लिहीन.