विनडीव्ही (कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं सॉफ्टवेअर): फुकटचं, दिसायला भंगार, पण लग्नाच्या कॅसेट वाचल्या

घरात मिनीडीव्हीच्या, म्हणजे हँडीकॅममधल्या छोट्या, सात कॅसेट पडून होत्या, २००४ च्या, आत्याच्या लग्नाच्या, आणि बाबांचं येता जाता एकच, "बुरशी धरायच्या आत कॉम्प्युटरवर घे रे ते." एका स्टुडिओवाल्याकडे गेलो तर तो म्हणे पेनड्राइव्हवर एमपी४ करून देतो, सँपल बघितलं तर कुणाच्या तरी शालूची जर म्हणजे नुसता पिवळा चिखल. म्हटलं राहू दे, आपणच करू. मामाचा हँडीकॅम अजून चालतो, जुन्या एक्सपी लॅपटॉपला फायरवायरचं (कॅमेरा जोडायचं) ते बारकं चार पिनवालं पोर्ट आहे, केबल पण सापडली.

पहिल्या दिवशी वेगळंच सॉफ्टवेअर वापरलं होतं. कॅसेट लावली, जेवायला बसलो, परत येऊन बघतो तर एकोणिसाव्या मिनिटाला बंद पडलेलं, स्क्रीनवर डिस्क फुल. अरे फुल कशी? दोनशे जीबी मोकळी आहे! डिस्क बदलायचा विचार पण करून झाला, मग डोक्यात प्रकाश पडला की ती बाहेरून लावलेली डिस्क फॅट३२ आहे (डिस्कवर फाइली ठेवायची जुनी पद्धत), कारण बाबांचा टीव्ही दुसरं काही वाचतच नाही, आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही म्हणजे नाहीच. कॅसेटवरचं डीव्ही चित्रण सेकंदाला ३.६ एमबी खातं, तासाला १३ जीबी. म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना बरोब्बर मध्येच पडदा.

विनडीव्ही इथे कामाला आलं. इन्स्टॉल वगैरे काही नाही, एवढीशी फाइल, डबलक्लिक केलं की एक छोटी करडी खिडकी, वीस वर्षांपूर्वीचं आहे ते दिसतंच. पण कॉन्फिगमध्ये मॅक्स एव्हीआय साइज (एव्हीआय म्हणजे व्हिडिओची फाइल) म्हणून एक रकाना आहे, आणि गंमत म्हणजे तो एमबीत नाही, फ्रेममध्ये, म्हणजे चित्रांच्या संख्येत आहे! माझ्याकडे तिथे १००००० होतं, म्हणजे ६६ मिनिटं, अख्खी कॅसेट एका फाइलमध्ये, परत तेच रडगाणं. मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पालमध्ये (आपल्याकडची व्हिडिओची पद्धत) सेकंदाला २५ फ्रेम, एक फ्रेम १४४००० बाइट, त्यात फाइलच्या दोन प्रकारांपैकी टाइप-२ निवडलं की आवाज परत वेगळा लिहिला जातो, तो धरून दीड लाखाच्या थोडं वर. ४ जीबीत साधारण २८३०० बसतात. मी २७००० टाकलं, बरोबर अठरा मिनिटं, काठोकाठ कशाला भरायचं. टाइप-१ घेतलं तर आकडा थोडा वाढतो, पण पुढे व्हर्च्युअलडबमध्ये (व्हिडिओ कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) काम करायला टाइप-२ सोयीचं, तेव्हा तेच घ्या.

दुसरी सेटिंग डिसकंटिन्युइटीची, म्हणजे चित्रणातल्या खंडाची. शूटिंगवाल्याने जिथे कॅमेरा थांबवला असेल तिथे हे नवीन फाइल सुरू करतं, कॅसेटमध्येच तारीख-वेळ लिहिलेली असते ती वाचून. ऐकायला भारी वाटतं, पण आमचा शूटिंगवाला दर दहा सेकंदाला थांबणारा, एका कॅसेटच्या फाइलींचा नुसता सडा पडला. शेवटी किती मोठा खंड धरायचा तो आकडा ३६०० सेकंद करून टाकला आणि शांतता.

तोडलेल्या जागी काही गळतं का ही माझी खरी भीती होती. मुद्दाम हेडफोन लावून बघितलं, "शुभमंगल" एका फाइलच्या शेवटी आणि "सावधान" पुढच्या फाइलच्या सुरुवातीला, मध्ये एक फ्रेम गेली नाही. व्हर्च्युअलडबमध्ये दुसरी फाइल अपेंड करून (मागे जोडून) डायरेक्ट स्ट्रीम कॉपीने, म्हणजे चित्र जसंच्या तसं उतरवून, सेव्ह केली की एकसंध होते, क्वालिटी जराही उतरत नाही (जोडलेली फाइल अर्थात फॅट३२ वर ठेवायची नाही, हे मी एकदा केलंय).

आता कुणी म्हणेल सरळ एनटीएफएस कर ना, त्यात ४ जीबीची अट नाही. बरोबर आहे, लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हला मी कन्व्हर्टची कमांड देऊन तेच केलं, डेटा जसाच्या तसा राहिला, तिथे हा आकड्यांचा खेळ लागतच नाही. पण बाबांना डिस्क उचलून टीव्हीला लावायची असते, त्यांना हे कोण समजावणार.

तक्रारी म्हणाल तर मदत नावाला पण नाही, सगळं स्वतः चाचपडत शिकायचं. आणि तासाची कॅसेट म्हणजे तास जातोच, तेवढा वेळ लॅपटॉपला हात लावायचा नाही, मी मध्येच ब्राउझर उघडला तर ड्रॉप्ड फ्रेमचा (गळलेल्या चित्रांचा) आकडा टकटक वाढायला लागला, ती कॅसेट परत पहिल्यापासून.

पाच झाल्या. उरलेल्या दोन एलपी मोडमध्ये (टेप हळू फिरवून जास्त वेळ भरायची पद्धत) भरलेल्या आहेत, मामाच्या कॅमेऱ्यात नुसते चौकोन दिसतात, त्यात विनडीव्हीचा काही दोष नाही. ज्या कॅमेऱ्यावर त्या भरल्या तो शूटिंगवाल्याने विकला की अजून माळ्यावर आहे, ते विचारायला रविवारी जातोय.