गाडी लागते म्हणून घेतलेला मनगटाचा बँड, नांदुरी ते कसारा वापरून

माझी मुलगी ८ वर्षांची आहे आणि तिला गाडी लागते. नाशिकहून वणीला निघालो की दिंडोरीपर्यंत गप्पा चालू असतात, पण नांदुरी सोडून सप्तशृंगी गडाचा घाट लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणाला चेहरा पांढराफटक, जांभया, तोंडाला पाणी आणि मग पिशवी. (जांभया आल्या की लगेच गाडी थांबवा, पुढे वेळ मिळत नाही.) देवीच्या दर्शनाला पोरगी रडत पोचायची, बघवायचं नाही.

म्हणून कॉलेज रोडच्या एका मेडिकलमधून तीनशे रुपयांना हा अ‍ॅक्युप्रेशर बँड घेतला. इलॅस्टिकचा पट्टा आहे, आतून प्लास्टिकचं बटण, औषध वगैरे काही नाही.

पहिल्या वेळी घड्याळासारखा घातला आणि उलटी झालीच. माहितीचा कागद फक्त इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरात, नाशिकमध्ये विकताय तर चार ओळी मराठीत छापा ना, याचा मला खरंच राग आला. नंतर कळलं की बटण मनगटाच्या घडीपासून तीन बोटं खाली, कोपराच्या बाजूला, हाताच्या आतून दोन शिरांच्या (रक्ताच्या नव्हे, स्नायूंच्या दोरीसारख्या) मधोमध बसलं पाहिजे, बोटं मुलाची मोजायची आपली नाही, आणि दोन्ही हातांना घालायचा.

तसा घालून कसारा घाट उतरलो, काही झालं नाही! पण त्याच दिवशी मी तिला मागच्या सीटवर मधे बसवलं होतं, बेल्ट लावून, समोरची काच दिसेल अशी, त्यामुळे नक्की कशाने फरक पडला ते पुण्याच्या ट्रिपला कळलं. जाताना बँड नीट होता पण तिने मोबाईलवर कार्टून लावलं, मोहदरी घाट कसाबसा निघाला, चंदनापुरी घाटात उलटी. येताना मोबाईल बंद, नजर लांब रस्त्यावर, बँड तोच, आरामात घरी आलो.

त्याचं कारण असं की आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो गाडी वळतेय आणि डोळे मोबाईलवर असले की ते सांगतात सगळं स्थिर आहे, या भांडणातून मळमळ होते. गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही ते यामुळेच, त्याला वळण आधी दिसतं. साधारण २ ते १२ वयात हा त्रास जास्त असतो, म्हणून "नाटक करते" असं लेकराला कुणी म्हणू नका, प्लीज.

एसटीने जाणार असाल तर मागची सीट नको, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली घ्या. निघताना मिसळ, वडे नको, उपाशीपण नको, आम्ही पोळी आणि आलेपाक देतो. आमच्या डॉक्टरांनी गोळीपण लिहून दिलीय, ती निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही, आणि झोप येते म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये.

बँडला तीन स्टार. एकट्याच्या जोरावर घाट पार करत नाही, जोडीला आधार म्हणून चांगला आहे, इलॅस्टिक मात्र चार महिन्यांत सैल पडलं. दिवाळीत मुंबईला समृद्धीने जायचंय, इगतपुरीच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून, कसाऱ्याची वळणंच टळतील. पण गडाला दुसरा रस्ता नाही, म्हणून नवी जोडी आणून ठेवलीय.