खारीच्या शेपटीपासून सुरुवात: घरी स्टिकर बनवण्याचे आठ महिने

कटिंग मशीन टेबलावर येऊन परवा ८ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात अनुभव लिहायला घेतला होता, तो अर्धवट सोडला ते बरंच झालं. कापला त्या दिवशी प्रत्येक स्टिकर सुंदरच दिसतो. तोच बाटलीवर महिनाभर राहिल्यावर, रोज ओला झाल्यावर, खिडकीतलं ऊन खाल्ल्यावर कसा दिसतो हे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माझं मूळ काम इलस्ट्रेशनचं. पुस्तकं, मासिकं, कधी एखादं पोस्टर. या कामात चित्र मजकुराचं बोट धरून चालतं, आणि ते मला मनापासून आवडतं. पण स्वतःसाठी काढलेले प्राणी, पक्षी, पानं वहीत साठत गेली आणि त्यांना बाहेर पडायला वाटच नव्हती. एका मैत्रिणीने त्यातली खार मागितली, लॅपटॉपवर लावायला. साध्या स्टिकर पेपरवर छापून, कात्रीने कापून दिली. चार दिवसांत कडा मळल्या, आठवड्यात शेपटी उडाली. तरी तिने ती काढली नाही, उरलेली अर्धी खार तशीच ठेवली. तेव्हाच ठरवलं, हे नीट शिकायचं.

माझा सेटअप असा: पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) इंकजेट प्रिंटर, टेबलावर मावणारं कटिंग मशीन, इंकजेटसाठीचं पांढरं, बिनचमकेचं (मॅट) व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा, आणि वरून लावायची कोल्ड लॅमिनेशन फिल्म, म्हणजे उष्णतेशिवाय चिकटणारा पारदर्शक थर. चित्र टॅबलेटवर काढते, कटलाइन, म्हणजे ब्लेड जिच्यावरून फिरतं ती रेघ, लॅपटॉपवर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. या प्रकारच्या मशीनचं काम समजायला सोपं आहे. चित्रासोबत पानाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा छापायच्या. मशीनचा सेन्सर त्या खुणा शोधतो, पान किती तिरकं बसलंय ते हिशोबात धरतो आणि मग ब्लेड फिरतं. ब्लेडने फक्त वरचा थर कापला आणि मागचा सिलिकॉनचा कागद अखंड ठेवला तर किस कट. आरपार गेलं तर डाय कट. स्टॅन अ‍ॅव्हरी यांनी १९३५ मध्ये लॉस एंजलिसमध्ये स्वतः चिकटणारी लेबलं बनवायला घेतली, तेव्हापासून स्टिकरचं पोट तेच आहे: वर छापायचा थर, मध्ये गोंद, खाली गोंद न धरणारा कागद. किस कट जमलाय की नाही हे मी मागून बघते. कागद उलटा करून उजेडात धरायचा. ब्लेडची नुसती पुसट खूण दिसली तर दाब बरोबर. रेघ उमटून आली असेल तर एक घर कमी करायचा.

आता खारीबद्दल. तिची शेपटी मी ब्रशच्या साठेक बारीक फटकाऱ्यांनी काढली होती, प्रत्येक केस सुटा. सॉफ्टवेअरला सांगितलं, बाहेरची कड शोध. त्याने इमानदारीने प्रत्येक केसाभोवती रेघ फिरवली. कटलाइनवर शेकडो नोड (रेघ जिथे वळते ते बिंदू) पडले, ब्लेड जागच्या जागी थरथरलं आणि शेपटीपाशी व्हिनाइल फाटून लोंबायला लागलं. दाब कमी केला, वेग कमी केला, नवीन ब्लेड घातलं. तीन पानं वाया गेली तेव्हा लक्षात आलं की मशीनचा काही दोष नाही. मी त्याला कापता न येणारी रेघ दिली होती.

मग त्या रात्री कटलाइन हाताने काढली. शेपटीच्या बाहेरून अडीच मिलिमीटर जागा सोडून एकच लांब वळण, टोकाला गोलाई, पायांमधली फट भरून टाकली. नोड राहिले २२. ब्लेड एका दमात फिरलं आणि खार कागदावरून अलगद सुटून हातात आली. त्या वळणात शेपटीचा झुबका पहिल्या चित्रापेक्षा जास्त जाणवत होता. तेव्हापासून कटलाइन मी सॉफ्टवेअरवर सोडत नाही. ती चित्रातलीच रेघ आहे, सगळ्यात बाहेरची, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात तीच आधी भरते. ऑटो ट्रेस (सॉफ्टवेअरने स्वतः कड शोधणं) वापरायचाच असेल तर निदान नंतर सिम्प्लिफाय करून नोड कमी करा, मग ऑफसेट द्या, म्हणजे रेघ चित्रापासून थोडी बाहेर सरकवा, आणि टोकदार कोपरे गोल करा. टोकदार कोपरा दिसायला छान वाटतो, पण खिशात, पिशवीत, बोटाखाली सगळ्यात आधी तोच उचकटतो.

रंगांचं प्रकरण मला सगळ्यात जड गेलं. टॅबलेटच्या स्क्रीनवरचा झगमगता निळा-हिरवा कागदावर येतच नाही, कारण स्क्रीन प्रकाशाने रंग बनवते आणि प्रिंटर शाईने. माझा खंड्या पक्षी पहिल्यांदा छापला तेव्हा त्याची पाठ जांभळट आली. चार रंगांच्या (सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा, काळा) छपाईत निळ्यामध्ये मॅजेंटा सायनच्या फार जवळ गेला की निळा जांभळ्याकडे झुकतो, म्हणून दोन्हींत चांगलं तीसेक टक्क्यांचं अंतर ठेवायचं. हे मला छापखान्यांच्या कामामुळे माहीत होतं. तेच डोक्यात धरून घरच्या प्रिंटरलाही मी याच चार शाईंच्या हिशोबाची, सीएमवायके फाइल देत राहिले आणि रंग अजूनच मरगळले. घरच्या बहुतेक इंकजेटचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा हिशोबातल्या, फाइलची अपेक्षा ठेवतो आणि शाईचं गणित स्वतः करतो. आरजीबी फाइल, कागदाचा योग्य प्रकार निवडलेला, दर्जा सर्वांत वरचा, एवढं केल्यावर खंड्या पुन्हा निळा झाला. छापखान्याला देताना मात्र ते मागतील तशीच फाइल द्यायची, ३ मिलिमीटर ब्लीडसकट, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर तेवढा रंग जास्त. घरच्या कामातही मी रंग कटलाइनच्या थोडा बाहेर नेते. पान केसाएवढं सरकलं तरी कडेला पांढरी चीर दिसत नाही.

रेझोल्युशनबद्दल थोडक्यात: छापायच्या मापाला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके. ३ इंची स्टिकरला ९०० पिक्सेल पुरतात, पण मी दुप्पट काढते. उद्या तेच चित्र मोठं छापावंसं वाटलं तर पुन्हा काढायला नको.

लॅमिनेशनमध्ये माझी घाई नडली. एक मोठी ऑर्डर होती, शंभरावर स्टिकर. छापले, बोट लावून बघितलं, सुके वाटले, तासाभरात फिल्म चढवली. दुसऱ्या दिवशी गडद भागांवर चंदेरी धुकं आल्यासारखं दिसत होतं आणि कडेला फिल्म सुटायला लागली होती. शाई वरून सुकली होती, आत ओलसर होती. सगळी पानं बाजूला ठेवली, ग्राहकाला दोन दिवस मागितले, पुन्हा छापलं. ती कृपाळू निघाली, पण ते दोन दिवस मला झोप लागली नाही. आता छापलेली पानं सुटी पसरून रात्रभर, शक्यतो पूर्ण २४ तास ठेवते. गडद रंग जास्त असेल तर त्याहून जास्त.

टिकण्याची परीक्षा मी स्वतःच्या पाण्याच्या बाटलीवर घेतली. खारीचे दोन स्टिकर शेजारी शेजारी लावले, एक लॅमिनेशन केलेला, एक तसाच. लावण्याआधी बाटली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आणि गोंदाला नीट पकड घेता यावी म्हणून पहिला दिवस पाणी लावलं नाही. त्यानंतर रोज साबणाने धुतली. तिसऱ्या आठवड्यात बिनलॅमिनेशनच्या खारीचं नाक पुसट झालं, दुसऱ्या महिन्यात पाठीवरचे पट्टे गेले. लॅमिनेशनवाली आज सातव्या महिन्यातही शाबूत आहे, फक्त डाव्या पायाशी कड किंचित मळलीय. खिडकीतही असाच प्रयोग केला, जुन्या प्रिंटरच्या डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाची शाई, डाय कटशी संबंध नाही) एक आणि आताच्या पिगमेंट शाईचा एक. डाय शाईतला गुलाबी काही आठवड्यांतच विटला. पिगमेंटवाला फिका झालाय, पण शेजारी दुसरा धरल्याशिवाय कळत नाही. कुणी आपलं चित्र विकत घेऊन सायकलवर लावणार असेल, तर ते पावसात आणि उन्हात टिकेल की नाही हे आधी आपण बघायला हवं, असं मला फार वाटतं.

मशीनच्या तक्रारीही आहेत. चकचकीत किंवा होलोग्राफिक कागद असला की सेन्सर गोंधळतो, चमकेमुळे त्याला खुणा दिसत नाहीत. खुणांवर पारदर्शक मॅट टेप लावला की बहुतेक वेळा काम होतं. लॅमिनेशन करतानाही चकचकीत फिल्म खुणांवर येऊ देत नाही. कापताना पान ज्यावर चिकटवतात त्या चिकट मॅटची (चटईची) पकड दोन-तीन महिन्यांत ढिली पडते. कोमट पाणी आणि साबणाने धुऊन उताणी वाळवली की थोडी परत येते, कायमची नाही. ब्लेडच्या टोकाशी व्हिनाइलचा तुसाएवढा कण अडकला तरी कड दातेरी येते. त्यामुळे कट बिघडला की सेटिंगला हात लावण्याआधी ब्लेड काढून बघा. आणि वेळ. ए-४ पानावर साडेपाच सेंटिमीटरचे १२ स्टिकर बसतात. एक पान छापून, सुकवून, लॅमिनेट करून, कापून, सोलून तयार होईपर्यंत किती हात फिरतात ते पहिल्यांदा धरलंच नव्हतं. एकाच चित्राचे पाचशे हवे असतील तर सरळ छापखान्याला द्या. घरचं मशीन नवी चित्रं पारखायला आणि छोट्या संचांना उत्तम आहे. माझ्या कामासाठी हेच हवं होतं: रविवारी काढलेलं चित्र मंगळवारी कुणाच्या तरी वहीवर.

त्याच चित्रांचे व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरही केले. तिथे माप ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी फाइल, स्थिर स्टिकर १०० केबीच्या आत, एका संचात किमान ३ आणि जास्तीत जास्त ३०. इतक्या लहान मापात माझ्या आवडत्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. खारीला तिथे नव्याने काढावं लागलं: डोळा मोठा, पट्टे तीन, शेपटी जाड. गंमत म्हणजे हे साधं रूप व्हिनाइलवरही जास्त बोलकं निघालं. मग मूळ चित्र बदललं.

आता पुस्तकाचं काम करतानाही आधी आकृती पूर्ण काळी भरून बघते. नुसत्या काळ्या डागातून तो प्राणी ओळखू आला की मगच आत रेघा काढते. ही सवय कुणी सांगून लागली नाही, मशीनपुढे वाया गेलेल्या पानांनी लावली.

सध्या वहीत एक पतंग आहे, मोठ्या पंखांचा, पंखांवर पांढरे ठिपके. त्याला पारदर्शक व्हिनाइलवर काढायचंय, काचेवर बसल्यासारखा दिसावा म्हणून. पण घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते. पारदर्शक व्हिनाइलवर पांढऱ्या जागा रिकाम्याच राहतात आणि बाकीचे रंगही काचेवर विरल्यासारखे दिसतात. पांढरी शाई असलेल्या छापखान्यात नमुना टाकलाय. त्यांनी पांढऱ्याचा वेगळा थर मागितला, तो ठिपका ठिपका हाताने भरून परवाच पाठवला.