दोनचाकी टिपिंग ट्रॉली: कापूस ते हरभरा, हंगामभर वापरून

आमच्या रावेर भागात ट्रॅक्टरवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला, "किती वढतो भाऊ?" थांबतो कसा, हे कोणी विचारत नाही. ४५ एचपीचा ट्रॅक्टर सपाटीला पाच टन सहज ओढतो, पण त्याचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. ट्रॉलीला ब्रेक नसेल, तर पाल गावाकडून सातपुडा उतरताना कोण कोणाला नेतंय ते लगेच समजतं. म्हणून मोठी चारचाकी सोडून ही लहान घेतली, ब्रेकचे जादा पैसे मोजून.

कापसाला ती अपुरी पडते, सरळ सांगतो. जागा भरते, वजन होत नाही, फेऱ्या वाढतात. वाळूचं उलटं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन चार टनांच्या वर! ट्रॉली रिकामी दिसते म्हणून मजूर टाकतच राहतात. मी आतून रंगाची रेघ मारून घेतली, वाळू-मुरूम तिच्या वर नाही. ओलं शेणखतही तिथपर्यंतच.

दोनचाकीत माल कुठे ठेवला याला फार महत्त्व. केळीचे घड पुढून रचत आणले आणि अर्ध्यावर थांबलो, तर सगळा भार हुकावर. ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवूनही तोंड वळत नाही. मागे जास्त झालं तर हुक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं घसरतात. ट्रॅक्टरच्या तोंडाला लोखंडी वजनं लावल्यावर बराच फरक पडला. हुक मात्र खालच्याच दांड्याला. वर जोडून चढाला जोर लावला तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

ट्रॅक्टरला मागच्या डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल जोडलेलेच ठेवतो. शेतातल्यासारखा एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. उताराला वरूनच लहान गिअर, न्यूट्रल कधीच नाही.

टिपिंग, म्हणजे ट्रॉली पुढून उचलून माल मागे ओतणं, झकास आहे, पण जमीन सपाट हवी. नाहीतर शेणखत वर चिकटून राहतं आणि उचललेली ट्रॉली एका बाजूला कलते.

तक्रारी दोन. हुकाची पिन ढिली होती, जाड करून घेतली. मागची रिफ्लेक्टर पट्टी महिन्यातच सोलली. नवी मी लावली, कारखानदार अजून "पाठवतो" म्हणतोय. कापूसच जास्त असेल तर ही घेऊ नका. केळी, खत, मुरूम असेल तर चालेल.