राज्यसेवेच्या ऑनलाइन वर्गातील ‘पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ’ : एक अभिप्राय

राज्यसेवेच्या तयारीसाठी लावलेल्या या ऑनलाइन वर्गात पंतप्रधानांच्या अधिकारांचा घटक अतिशय मन लावून शिकवला आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून जाहीर झाली आणि मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली, म्हणूनच ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीबाबतचा मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना आधी लेखी कळवणे बंधनकारक केले, हा कार्यकारणभाव शिक्षकांनी आणीबाणीच्या तरतुदीचा अनुच्छेद ३५२ फळ्यावर लिहून उलगडला; नुसती कलमे पाठ करून तो उमगत नाही. मंत्र्यांच्या संख्येवरील, लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादाही नेमकेपणाने आली आहे. लोकसभेप्रती असलेली सामूहिक जबाबदारी, म्हणजे लोकसभेचा विश्वास गमावल्यास संपूर्ण मंत्रिमंडळाने पायउतार होणे, मात्र घाईत उरकली असून, १९९९ मध्ये एका मताने पडलेल्या वाजपेयी सरकारचा साधा उल्लेखही नाही, हे खटकते. शुल्क वाजवी आहे.